लेप्याचे डोळे डावीकडे, मग हा उजव्या डोळ्यांचा कोण?

तुमचा प्रश्न असा की मार्केटमधून लेपे, म्हणजे ते जिभेच्या आकाराचे चपटे मासे, आणले, घरी साफ करताना बघितलं तर बारक्या लेप्यांचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला आणि त्यांच्याबरोबर आलेला एक मोठा जाडजूड होता त्याचे दोन्ही उजव्या अंगाला. शेजारचे काका म्हणाले उलट्या डोळ्यांचा मासा खाऊ नका, तो प्रदूषणाने बिघडलेला असतो. आणि मुलीने विचारलं की पिल्लू जन्मतःच असं वाकडं असतं का, आणि वाळूत गाडून घेतो तर गुदमरत नाही का. मी मत्स्यशास्त्रवाला, कोकणातल्या बंदरांवर ट्रॉलरच्या मालातून सॅम्पल काढणं, मोजणं, पोट फाडून बघणं हे वर्षानुवर्षं केलंय, आणि चपटे मासे हा माझा लाडका विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

काकांचं चूक आहे. मासा बिघडलेला नाही, खाऊन टाका. तो बहुतेक भाकस नावाचा दुसरा चपटा मासा असणार, त्याच्याकडे येतोच.

पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा, मग बाकीचं सगळं आपोआप सुटत जातं. लेपा आपल्याला चपटा वाटतो म्हणून आपण त्याला पाकटाच्या रांगेत बसवतो. पाकट खरंच वरून खाली दाबल्यासारखा असतो, पोट जमिनीला टेकलेलं, पाठ वर, डोळे पाठीवर दोन बाजूला, सगळं सरळ. लेप्याचं तसं नाही. लेपा म्हणजे सरंग्यासारखा दोन्ही बाजूंनी चपटा असलेला मासा जो एका कुशीवर आडवा पडला आणि तसाच आयुष्यभर राहिला. आपण ज्याला त्याची पाठ म्हणतो ती त्याची डावी कूस, आणि जे पांढरं पोट म्हणतो ती उजवी कूस. त्याची खरी पाठ आणि खरं पोट म्हणजे त्या दोन कडा, जिथे झालरीसारखे पर असतात. ताटात घेऊन बघा, मधला काटा काढलात की काट्याच्या दोन्ही बाजूंना लांब लांब उपकाटे गेलेले दिसतील, एका बाजूचे पाठीकडचे, दुसऱ्या बाजूचे पोटाकडचे. सरंग्याला पण अगदी हेच असतं.

आता कुशीवर पडायचं म्हटलं की पहिली अडचण, एक डोळा चिखलात. त्यावर या माशांनी काढलेला उपाय म्हणजे खालचा डोळाच वर आणून ठेवायचा.

मुलीला सांगा की पिल्लू जन्मतः अगदी सरळ असतं. मादी अंडी तळाला चिकटवत नाही, पाण्यात सोडते, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, आत तेलाचे थेंब असलेली, ती वर तरंगतात. त्यातून निघालेलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक, एक डोळा डावीकडे एक उजवीकडे, इतर कुठल्याही माशासारखं उभं पोहणारं, आणि त्या वयात ते तळाला नसतंच, वरच्या पाण्यात प्लवंग, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, खात फिरतं. मग काही आठवड्यांनी, जातीप्रमाणे कमीजास्त, त्याच्या अंगात थायरॉइड हॉर्मोन वाढायला लागतं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट ज्या हॉर्मोनने गळते तेच हे. आणि मग एक डोळा चालायला लागतो. म्हणजे खरंच सरकतो, डोक्याच्या माथ्यावरून पलीकडे. त्याच्या वाटेतलं कवटीचं हाड विरघळतं, दुसरीकडे नवं बनतं, कवटी पिळवटते. लेप्याच्या कुळात तर पाठीचा पर पुढे डोक्यावरून थुतरीपर्यंत आलेला असतो, तिथे पुढच्या बाजूला चोचीसारखा एक आकडा तयार होतो आणि डोळा त्या आकड्याच्या आणि डोक्याच्या मधल्या फटीतून पलीकडे जातो, मग ती फट बुजते. हे सगळं होत असताना पिल्लू थोडं थोडं तिरकं पोहायला लागतं, हळूहळू तळाला जातं आणि आडवं होतं.

जपानमध्ये हिरामे नावाचा असाच चपटा मासा हॅचरीत वाढवतात, त्याच्यावर १९८० च्या दशकात प्रयोग झाले. थायरॉइडचं काम बंद पाडणारं औषध पिल्लांच्या पाण्यात घातलं तर डोळा सरकतच नाही, पिल्लू मोठं होत राहतं पण उभंच पोहतं. आणि उलट हॉर्मोन जास्तीचं दिलं तर पिल्लू वयाच्या आधीच, एवढंसं असतानाच आडवं होतं. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो, एवढी मोठी उलथापालथ आणि चावी एकच.

अजून एक गंमत जी सहसा कोणी सांगत नाही. डोळे फिरले तरी कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग जागचा हलत नाही. म्हणजे मासा आडवा झाला की त्याचा कान नव्वद अंशात कलंडतो पण डोळे मात्र वर आकाशाकडे. आता मासा पुढे झुकला की डोळे कुठल्या दिशेला फिरवायचे हा हिशोब मेंदूत आधीपासून पक्का केलेला असतो, तो सगळा चुकायला पाहिजे. चुकत नाही, कारण कानाकडून डोळ्यांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मेंदूतल्या वायरी पण या काळात नव्याने जोडल्या जातात. मग तो एक डोळा पुढे एक मागे असे वेगवेगळे फिरवत बसतो, तुम्ही कधी जिवंत लेपा टबात बघितलात तर तो मेल्यासारखा पडलेला असतो आणि डोळे तेवढे फिरत असतात.

आता डावं उजवं. आधी ओळखायचं कसं ते बघू कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. डोळ्यांची बाजू वर करून मासा ठेवा, पोटाची कड तुमच्याकडे घ्या. पोटाची कड कुठली, तर जिकडे खालचा जबडा आहे, कल्ल्याखालचा बारका पर आहे आणि गुदद्वाराचं भोक आहे ती. असं ठेवल्यावर तोंड तुमच्या डाव्या हाताला आलं तर मासा डावखुरा, उजव्या हाताला आलं तर उजवा. आपल्या मार्केटमधला नेहमीचा लेपा, शास्त्रात ज्याला सायनोग्लॉसस म्हणतात त्या कुळातला, कायम डावा. त्याच्या जवळचंच दुसरं कूळ आहे, त्यातल्या काहींच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे असतात, ते कायम उजवे. बहुतेक जातींमध्ये हे असं ठरलेलं असतं आणि उलटा नमुना क्वचित निघतो. पण ठरलेलं नसणारेही आहेत. पॅसिफिक महासागरात एक तारांकित फ्लाउंडर म्हणून मासा आहे, तो जपानच्या किनाऱ्यावर जवळजवळ सगळा डावा आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर साधारण निम्मा डावा निम्मा उजवा. एकच जात! त्याचा काय फायदा यावर लोक अजून भांडतायत.

आणि भाकस हा तसाच, त्याच्यात डावे उजवे साधारण सारखे मिळतात. भाकस म्हणजे सेटोडस एरुमी, इंग्रजीत इंडियन हॅलिबट म्हणतात. तुमच्याकडे आलेला तोच होता का हे बघायला पुढच्या वेळी या खुणा बघा. लेप्याची शेपटी वेगळी दिसतच नाही, पाठीचा पर, शेपटी आणि पोटाचा पर सगळे जुळून एक टोकदार झालर होते. भाकसाची शेपटी स्पष्ट वेगळी असते. लेप्याचे डोळे बारीक, तोंड बारीक आणि वाकडं, भाकसाचं तोंड मोठं आणि आत चांगले अणकुचीदार दात, बोट घालू नका. लेप्याला कल्ल्याच्या मागचे बाजूचे पर नसतातच, भाकसाला असतात. आणि मुख्य खूण म्हणजे भाकसाचा पाठीचा पर डोक्यावर येत नाही, डोळ्यांच्या मागेच सुरू होतो, आणि त्याचा सरकलेला डोळा पूर्ण पलीकडे न जाता माथ्याच्या कडेवरच थांबलेला असतो. अर्धवट काम. त्यामुळे भाकस तळाला पडलेला असतो तेव्हा त्याला आपल्या पाठीमागचंही काहीतरी दिसत असणार, आणि तो बाकीच्यांसारखा पूर्ण आडवा झालेला नाही, कधीकधी उभाही पोहतो. अंगाने जाड, दोन फुटांपर्यंत वाढतो, आणि किडे वगैरे टिपत बसत नाही, मासे पकडून खातो.

या अर्धवट डोळ्याला शास्त्रात फार मोठी किंमत आहे. डार्विनच्या विरोधात १८७१ मध्ये मायव्हर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने नेमका चपट्या माशांचाच मुद्दा काढला होता, की बाबा डोळा एकदम पलीकडे गेला तर ठीक, पण उत्क्रांती हळूहळू होते म्हणता तर डोळा थोडासाच सरकला असता त्याचा माशाला उपयोग काय, चिखलातला डोळा अजून चिखलातच ना. डार्विनने आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' पुस्तकाच्या १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं, पिल्लं कुशीवर पडल्यावर खालचा डोळा वर बघायला ताण देतात वगैरे, पण खरं सांगायचं तर ते उत्तर थोडं ओढूनताणून आहे आणि मधल्या पायरीचा जीवाश्म तेव्हा कोणी दाखवू शकलं नव्हतं. तो मिळाला २००८ मध्ये, आणि नव्याने खणून नाही. मॅट फ्रीडमन म्हणून तेव्हा शिकागोत पीएचडी करणारा मुलगा, त्याने म्युझियममध्ये आधीच पडून असलेले जवळजवळ ५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म पुन्हा तपासले, अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टेस, त्यातले बरेचसे उत्तर इटलीतल्या मोंते बोल्का या ठिकाणचे. पूर्ण वाढ झालेले मासे आणि एक डोळा वर सरकलेला पण माथा न ओलांडलेला. म्हणजे मायव्हर्ट जी पायरी असूच शकत नाही म्हणत होता तीच. त्या अँफिस्टियममध्येही डावे आणि उजवे दोन्ही सापडतात, अगदी आपल्या भाकसासारखे. एकाच्या पोटात तर गिळलेल्या माशाचे अवशेष मिळाले. म्हणून म्हणतो, काका ज्याला बिघडलेला म्हणतायत तो जिवंत चपट्या माशांमधला सगळ्यात जुन्या वळणाचा आहे. सेटोडसच्या जगात तीनच जाती उरल्यात, दोन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणि एक आपल्याकडे, तांबड्या समुद्रापासून पार ऑस्ट्रेलियापर्यंत.

बरं, आता लेप्याकडे. त्याचं तोंड वाकडं का. वरची थुतरी चोचीसारखी खाली वळलेली असते आणि जबडा खालच्या बाजूला, म्हणजे पांढऱ्या कुशीकडे ओढलेला असतो. बोट फिरवून बघा, वरच्या अंगाकडच्या जबड्यात दात लागत नाहीत, सगळे बारीक दात खालच्या अंगाला. बरोबरच आहे, जेवण खाली आहे. लेपा खातो ते चिखलातले गांडुळासारखे समुद्री किडे, बारीक कोळंबीवर्गीय प्राणी, छोटे शिंपले. पोट फाडलं की बरेचदा निम्मा तर गाळच निघतो. डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे डोळ्याने बघून खाणं त्याला फारसं शक्य नाही, वास आणि स्पर्शावर काम चालतं. डोळे मुख्यतः वरून कोण खायला येतंय ते बघायला. पाण्याची हालचाल कळणारी जी रेषा माशांच्या अंगावर असते ती साध्या माशाला प्रत्येक बाजूला एक असते, लेप्याच्या बहुतेक जातींना वरच्या अंगाला दोन किंवा तीन असतात. जाती ओळखताना आम्ही याच रेषा आणि त्यांच्यामधले खवले मोजत बसतो, आणि हे काम किती कंटाळवाणं आहे ते विचारू नका.

हवेची पिशवी मोठ्या लेप्यात नसते. घोळीच्या पोटातली जी महागडी पिशवी विकली जाते ती माशाला पाण्यात तरंगत ठेवते. तळाला पडून राहायचं तर तरंगायचं कशाला, त्यामुळे मोठा होईपर्यंत ती जाते.

गुदमरण्याचं सोपं आहे. लेपा अंग लाटेसारखं हलवून वाळू उडवतो, ती अंगावर पडते, काही सेकंदात डोळे आणि थोडं तोंड सोडलं तर सगळा गायब. पण तोंडाने पाणी आत घेणं चालू असतं आणि ते वरच्या अंगाच्या कल्ल्यातून बाहेर सोडलं जातं, वरचा थर पातळ असतो त्यामुळे वाट मोकळी राहते. शिवाय हालचाल नाही म्हणजे ऑक्सिजन पण कमी लागतो.

रंगाचं मात्र सांगायलाच पाहिजे. लेपा तपकिरी चिखलाच्या रंगाचा एवढंच, पण त्याचे काही नातेवाईक यात कमाल करतात. १९९६ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन, आपले चेन्नईकडचे मेंदूतज्ज्ञ, ते अमेरिकेत असतात, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बोथस जातीचा उष्ण समुद्रातला फ्लाउंडर वेगवेगळ्या नक्षीच्या तळावर ठेवला, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटी असलेले तळ सुद्धा. २ ते ८ सेकंदात माशाने अंगावरचे ठिपके आणि डाग गडद फिके करून तळाशी जुळवून घेतलं. हे तो डोळ्याने बघून करतो. आणि खालची बाजू पांढरी का, तर तिथे कोणी बघणारच नाही मग रंग कशाला. जपानमधल्या हॅचरीत वाळू नसलेल्या टाकीत वाढवलेल्या हिरामेच्या खालच्या अंगालाही काळे डाग येतात, टाकीत वाळू घातली की ते कमी होतात. समुद्रात सोडलेला हॅचरीचा मासा नंतर जाळ्यात आला तर त्या डागांवरून तिथले लोक ओळखतात.

आपल्या किनाऱ्याला लेपे इतके का, तर तळ. मुंबईसमोर समुद्राचं उथळ पठार साधारण ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि किनाऱ्यापासून साधारण ५० मीटर खोलीपर्यंत तळाला बराचसा मऊ गाळ आहे, त्याच्या पलीकडे वाळू. गाळात किडे, किड्यांवर लेपे. काही जाती खाडीत पण शिरतात. त्यातला मलबार लेपा, सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस, १९२८ मध्ये नाव दिलेला, वीतभर सुद्धा होत नाही आणि दोन-तीन वर्षंच जगतो, त्याची खरी रेलचेल केरळ कर्नाटकात. तिथे पावसाळ्यात खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येऊन किनाऱ्यालगतच्या तळावर पसरतं, तळाचे मासे आणि कोळंबी त्याच्या पुढे पुढे उथळ पाण्याकडे सरकतात, आणि पावसाच्या शेवटी लेप्यांचे ढीग लागतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, ती उठल्यावर ट्रॉलरच्या मालात लेपा दिसायला लागतो. ट्रॉलच्या जाळ्याचा खालचा दोर वजनाने तळाला घासत जातो, लेपा दचकून उठतो आणि मागून येणाऱ्या पिशवीत जातो. सिंधुदुर्गात रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, पण मिळतात, ते जास्त ताजे असतात, निदान माझं तरी मत तसं. वाईट हे की ट्रॉलमध्ये बोटाएवढी पिल्लं पण येतात, आणि ती विकण्यासारखी नसतात म्हणून सुकी करून कुटीला, म्हणजे माशांच्या भुकटीला, जातात.

गाबोळीचं विचारलं नाहीत पण सांगतो. लेप्याची पोटाची पोकळी अगदी पुढे, डोक्यामागे, एवढीशी. मग मादीची अंडी मावणार कुठे, म्हणून गाबोळी मागे शेपटीकडे लांब निमुळत्या शेंगेसारखी वाढत जाते, मांस आणि काट्यांच्या बाजूने. मासा उजेडासमोर धरला तर ती गडद सावली दिसते, बंदरावर नर मादी ओळखायला आम्ही हेच करतो. चीनमध्ये लेप्याचाच एक मोठा भाऊ पाळतात, सायनोग्लॉसस सेमिलेविस, त्याच्या माद्या नरांच्या दुप्पट चौपट वजनाच्या होतात म्हणून शेतकऱ्याला माद्या हव्या असतात. आणि गंमत अशी की लहानपणी पाणी जास्त गरम असलं तर जनुकाने मादी असलेलं पिल्लू सुद्धा नर होऊन बसतं, आणि तो नर पुढे पिल्लं पण देतो. २०१४ मध्ये या माशाचा अख्खा जीनोम वाचला गेला तो मुख्यतः या भानगडीसाठी.

तर तुमच्या त्या मोठ्या माशाचं, ताजा आहे ना एवढंच बघायचं. डोळे खोल गेलेले नसावेत, कल्ले लाल, दाबलं की मांस परत वर यावं, आणि पांढरी बाजू पिवळी पडलेली नसावी, चपट्या माशात ती आधी सांगते. लेप्याची कातडी डोक्याकडून चीर देऊन शेपटीकडे एका ओढीत सोलून निघते, बोटांना मीठ लावा म्हणजे निसटत नाही. भाकस मात्र जाड असतो, त्याच्या सरळ तुकड्या करा, किंवा मधल्या काट्यावरून सुरी फिरवून दोन वरून दोन खालून असे चार फिले काढा. डोकं टाकू नका, त्याआधी मुलीला तो कडेवर अडकलेला डोळा दाखवा.